उत्तनला, अंधार मागायला

अंधार बघायला आम्ही उत्तनला गेलो होतो. हे सांगितलं की लोक हसतात. तेव्हाही हसले होते.

बाहत्तर सालचा डिसेंबर. गिरगावात आम्ही दोघंच राहायचो, अण्णा आणि मी. अण्णा म्हणजे माझे वडील, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मी कॉलेजात मराठी शिकवत होते. अण्णांना काचबिंदू होता. नजर कडांकडून आत मिटत चालली होती. डॉक्टर म्हणाले, जे बघायचं राहिलंय ते बघून घ्या. त्यांच्या मनात काशी-रामेश्वर असावं.

अण्णा म्हणाले, "मला दुर्बीण बघायचीय."

दुर्बिणीतून काही बघायचं नव्हतं. दुर्बीणच बघायची होती. काही वर्षांपूर्वी अवकाशात सोडलेली एक दुर्बीण तेव्हा पृथ्वीभोवती फिरत होती. अण्णांनी मासिकातली माहिती माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली होती. ताऱ्यांचा काही प्रकाश हवा अडवते, तो जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. ही दुर्बीण हवेच्या वर होती, म्हणून तिला तो दिसे. तरुण तारे वाटले होते त्याहून जास्त तापलेले निघाले. दूरच्या दीर्घिका त्या प्रकाशात अपेक्षेपेक्षा उजळ निघाल्या. तिला जे दिसे ते ती खाली कळवत असे.

"आणि तिच्यासाठी तारे लुकलुकत नाहीत," अण्णा म्हणायचे. "लुकलुक हवेची. ताऱ्यांची नव्हे."

आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी हिशेब करून दिला. सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने ती नैऋत्येकडून चढेल, डोक्याजवळून ईशान्येकडे जाईल. आपल्याकडे अंधार, तिच्यावर ऊन, म्हणून चमकेल. पण अंधुक. मुंबईच्या दिव्यांत दिसणार नाही. "आणि त्यांच्या नजरेला," सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुठूनच दिसेल असं वाटत नाही."

अंधार कुठे मिळेल, हा प्रश्न सिसिलने सोडवला. सिसिल उत्तनची कोळीण. सुके बोंबील घेऊन आमच्या चाळीत यायची.

"मास्तर, अंधार पायजे? आमचे उत्तनला या. तवरा अंधार तुमाला कोण देनार न्हाय."

"दिवे नसतात किनाऱ्यावर?"

"आसतात. पन मी सांगते ना सगल्यांना. त्या दिशी कोन दिवा भायेर काढनार न्हाय. सिसिलचा शबुद हाय."

अमावास्येच्या सुमारास आम्ही निघालो. भाईंदर स्टेशनला पश्चिमेला उतरावं. बाहेर टांगे उभे असत. भाडं आधी ठरवून घ्यावं, हे आम्हाला नंतर कळलं. "उत्तनहून परत सवारी न्हाय मिलत साहेब," टांगेवाला म्हणाला, आणि दोन्हीकडचं भाडं घेतलं. आता तिथून बस जाते. उजवीकडची खिडकी पकडा.

गाव संपलं की मिठागरं लागत. चौकोनी तळी, मध्ये बांध, बांधावर पांढरे ढीग. पाणी इतकं स्थिर होतं की आकाश खालीही होतं. अण्णा मान वळवून वळवून बघत होते. समोरचं तेवढंच दिसायचं, म्हणून बाकीच्यासाठी मान वळवावी लागायची.

"सुमा, बगळे आहेत का?"

"आहेत. तुमच्या डावीकडे."

त्यांनी मान वळवली. बगळे तोवर उडाले होते. मी सांगितलं नाही.

राई, मोर्वा ही गावं मागे पडली. मग वास आला. उत्तन आधी नाकाला भेटतं. किनाऱ्यावर मासळी वाळवायच्या बांबूंच्या वलांड्या उभ्या होत्या, आणि दोरांवर बोंबील जोडीजोडीने टांगलेले, तोंडात तोंड अडकवून. मधून वारा जायचा तेव्हा सगळी रांग एकदम हलायची. काही घरांच्या दारांवर नाताळचे कागदी तारे लागले होते.

सिसिलने तांदळाची भाकरी आणि ताज्या बोंबलाचं कालवण वाढलं. सुके बोंबील कुठेही मिळतात. ताजा खायचा तर तिथे जावं. जिभेवर ठेवला की उरत नाही.

तिची सासू दारात जाळं शिवत बसली होती. तिने अण्णांना निरखून बघितलं.

"चांदनी बघाला आयलाव? घरा चांदन्या न्हायत?"

"आहेत हो. पण ही माणसांनी केलेली आहे."

"माझा पास्कू येल आता. तो रोज बघतो चांदन्या. त्याला काय त्याचं कवतिक न्हाय."

पास्कू म्हणजे सिसिलचा नवरा. पहाटे होडी घेऊन गेला होता. दुपारच्या भरतीला यायचा होता. आला नव्हता. सिसिल म्हणाली, होरीचं मशीन नवीन हाय, नखरे करतं, येल.

सूर्य बुडाला. सिसिलने शब्द पाळला होता. ती घरोघर सांगून आली होती. एकेक दार आतून लागलं. कागदी ताऱ्यांतले दिवेसुद्धा विझवले. वाळू, पाणी, वलांड्या, सगळं एकाच रंगाचं झालं. मग वर आकाश उघडलं.

मी असं आकाश पाहिलं नव्हतं. मधोमध एक फिकट पट्टा होता. मला आधी ढग वाटला.

"आकाशगंगा दिसते?" अण्णांनी विचारलं.

"दिसते."

"मला थोडी दिसते," ते म्हणाले. ते खाटेवर उताणे झोपले होते. मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून नैऋत्येकडे वळवून ठेवलं होतं. त्यांच्या उरलेल्या नजरेत दुर्बीण यावी म्हणून.

वेळ जवळ आली. लाटांखेरीज आवाज नव्हता. सिसिल आमच्या मागे उभी होती. तिच्या हातात न पेटवलेला कंदील होता. मला वाटलं, परत जाताना वाट दाखवायला आणला असेल.

सासू अंधारातून म्हणाली, "गो, लाव ना आता."

सिसिलने कंदील दुसऱ्या हातात घेतला.

"काय लावायचं?" अण्णांनी विचारलं.

"कंदील," सासू म्हणाली. "होरी वेलंवर नाय आली का जिची होरी तिनं पयला कंदील वलांडीला बांधायचा. मंग सगला गाव लावतो. पयला तिनं लावल्याबिगर कोन लावत न्हाय. दोन खडकांच्या मदून वाट हाय. अंधारात कशी घावंल माज्या पोराला?"

मी आजूबाजूला बघितलं. दारं आता उघडी होती. प्रत्येक दारात कोणी ना कोणी उभं होतं. सगळे सिसिलच्या हाताकडे बघत होते.

"सिसिल," अण्णा उठून बसले, "कंदील लाव."

"मास्तर, जराच वेल. तुमची चांदनी जाऊ दे. मी शबुद दिलाय."

"काडेपेटी कुठाय?"

"तुमाला परत दिसनार न्हाय. सुमाताई सांगत हुत्या."

मी तिला सांगितलं होतं. अण्णांना ते माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मग त्यांनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. सिसिलने त्यावर काडेपेटी ठेवली.

पहिली काडी वाऱ्याने विझली. दुसरीला मी ओंजळ धरली. वात पेटली. सिसिलने कंदील वलांडीच्या उंच काठीला बांधला. काठी मी धरून ठेवली.

शेजारच्या वलांडीवर दुसरा लागला. मग तिसरा. मग पूर्ण किनारा, थेट शेजारच्या तारोडी गावाच्या बाजूपर्यंत. बोंबलांच्या रांगा पिवळ्या झाल्या. वरचं आकाश गेलं. एक तारा दिसेना.

अण्णा काठीखाली उभे होते. मधे कधीतरी दुर्बीण आमच्यावरून गेली असणार. कोणी वर बघितलं नाही. आम्ही समुद्राकडे बघत होतो.

बऱ्याच वेळाने खडकांच्या मधून शीड आलं. बायका एकदम ओरडल्या. सिसिल कमरेएवढ्या पाण्यात गेली, आणि नवरा हाताशी लागताच त्याला शिव्या देऊ लागली.

"मशीन मेलं," पास्कू म्हणाला. "रॉकेल बी संपलं. काळोखात बसलो हुतो. दिवे दिसले तवा कललं गाव कुठं हाय."

चहा आला. पास्कू आमच्याजवळ उकिडवा बसला. पाहुणे कशाला आले हे सिसिलने सांगितलं. तो बशीतून चहा पिता पिता थांबला.

"चालनारी चांदनी? ती मी बघितली."

अण्णांनी बशी खाली ठेवली.

"शीड बांदीत हुतो. वर बघितलं तर एक चांदनी चालली हाय. मी म्हनलं, इमान. पन आवाज न्हाय. घाई न्हाय. सरळ गेली."

"लुकलुकत होती?"

पास्कूने विचार केला. "न्हाय. बाकीच्या लुकलुकत हुत्या. ती न्हाय."

"कुठून कुठे गेली?"

पास्कूने बोटाने दाखवलं. मग त्याच्या लक्षात आलं की अण्णांना ते बोट दिसत नाहीये. तो उठून अण्णांच्या मागे गेला. ओल्या हाताने त्यांचा उजवा हात मनगटाशी धरला, नैऋत्येला समुद्राकडे नेला, आणि हळूहळू उचलत डोक्यावरून ईशान्येला आणला. जितका वेळ तिला लागला असेल, तितका वेळ घेऊन.

"अशी," तो म्हणाला.

"पुन्हा," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. मिठागरांवर ऊन होतं. टांग्यात अण्णांनी बगळ्यांबद्दल विचारलं नाही. त्यांच्या शर्टाच्या उजव्या बाहीवर मिठाचा पांढरा डाग होता. तो शर्ट त्यांनी बरेच दिवस धुवायला दिला नाही.

दुर्बीण न बघता आलो, असं मी लोकांना सांगायचे. अण्णा मला दुरुस्त करायचे. "पास्कूने बघितली. आपल्याला कळवलं. दुर्बिणीचीही पद्धत तीच आहे."

त्याच हिवाळ्यात ती दुर्बीण बंद पडली. मी बातमी वाचून दाखवली. तोवर अण्णांना वर्तमानपत्र म्हणजे फक्त कागदाचा आवाज होता.

पुढच्या आठवड्यात सिसिल आली. टोपली उतरवली.

"सिसिल," अण्णा म्हणाले, "आपली दुर्बीण गेली."

"पडली खाली?"

"नाही. डोळे गेले तिचे. फिरतेय अजून. पुष्कळ वर्षं फिरेल."

सिसिलने त्यांच्याकडे बघितलं. मग तागडीत बोंबील घातले, आणि वर आणखी एक मूठ.

"फिरते ना," ती म्हणाली. "मंग गेली कशी म्हनता?"