विद्युलताबाईंची अर्धी गोळी

उमाकांतरावांच्या घरात स्त्री-पुरुष भेद नव्हता, आणि तो नव्हता हे चारचौघांत सांगायला ते कधी चुकत नसत. मिरजेहून चेन्नईला रेल्वेच्या डबे बनवणाऱ्या कारखान्यात आले, फोरमन होऊन निवृत्त झाले, पेरुंगुडीला फ्लॅट घेतला. एवढ्या वर्षांत पत्नीला, विद्युलताबाईंना, त्यांनी काही कमी पडू दिलं नाही. चिकू चिरला तर दोन भाग सारखे. इडल्या आणल्या तर निम्म्या तिच्या. विद्युलताबाई अंगाने अगदी बारीक, दोन इडल्यांत पोट भरायचं. पण "तुझा वाटा आहे, खा," असं नवऱ्याने प्रेमाने म्हटल्यावर काय बोलणार? शेजारच्या अलमेलू मामींना तर त्यांच्या नशिबाचा हेवा वाटे.

उमाकांतरावांना बीपी निघालं तेव्हा त्यांना लघवी वाढवणारी एक गोळी मिळाली. अंगातलं मीठ-पाणी बाहेर पडतं, दाब उतरतो. त्यांना ती झकास मानवली. पुढे विद्युलताबाईंचंही बीपी निघालं आणि त्यांनाही डॉक्टर कमलिनींनी तीच गोळी लिहून दिली, पण अर्धी.

अर्धी म्हटल्यावर उमाकांतरावांचं डोकं फिरलं. "बाईमाणूस म्हणून अर्धी? हे बरंय!"

"डॉक्टरांनीच लिहिलीय ना," विद्युलताबाई म्हणाल्या. "मला पुरेल तेवढी."

"का पुरेल? मी अख्खी घेतो, मला काही झालंय का?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून न्याहारीनंतर दोन तळहातांवर दोन अख्ख्या गोळ्या. चेन्नईचा उन्हाळा म्हणून पाणी दोघांनी सारखंच, भरपूर प्यायचं. बीपी म्हणून लोणचं-पापड दोघांनाही बंद. न्याय कसा अगदी चोख.

थोड्याच दिवसांत विद्युलताबाईंचं डोकं जड राहू लागलं. मळमळायचं. टी. नगरला साड्यांच्या दुकानात पायऱ्या उतरताना त्यांचा तोल गेला. "मलाही कधीकधी गरगरतं," उमाकांतराव म्हणाले आणि विषय तिथेच मिटला. मग एका सकाळी गॅस कसा पेटवतात तेच विद्युलताबाईंना आठवेना. त्यांनी नवऱ्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं, आणि त्या खाली कोसळल्या. हातपायांना झटके येऊ लागले. उमाकांतरावांनी त्यांना तसंच उचलून रुग्णालयात नेलं.

रक्तातलं सोडियम पार तळाला गेलं होतं. "सार, गोळी अर्धीच देत होता ना?" रुग्णालयात डॉक्टर कमलिनींनी विचारलं. उमाकांतरावांनी खरं ते सांगितलं आणि सवयीने पुढे जोडलं, "पण मला तर काही झालं नाही."

"तुमचं मूत्रपिंड तुमचं आहे, सार. मीठ रक्तात परत ओढून घेणाऱ्या काही जागा मूत्रपिंडात असतात. ही गोळी त्या बंद करते. बायकांच्या मूत्रपिंडात त्या जागांचं काम जास्त चालतं असं दिसतं, म्हणून त्यांच्यावर गोळीचा जोरही जास्त. त्यात यांचं वय, ही बारीक चण, आणि वर एवढं पाणी. मीठ गेलं, प्यायलेलं जास्तीचं पाणी मात्र साठलं, मेंदूला सूज आली."

"वाचेल ना?"

"सोडियम सावकाश वर आणावं लागेल. घाई केली तर मेंदूला इजा होते. आत्ता काही सांगता येणार नाही."

आयसीयूबाहेरच्या बाकावर उमाकांतराव बसून राहिले. ही गेली तर आपल्या हाताने गेली, एवढी एकच गोष्ट डोक्यातून जाईना. अलमेलू मामींनी डबा आणला, तो तसाच परत गेला.

दोन दिवस विद्युलताबाईंनी कुणाला ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी "अहो" म्हणून हाक मारली, तेव्हा उमाकांतराव नर्ससमोरच रडले. वॉर्डात हलवल्यावर डॉक्टर दुसरी गोळी लिहून देऊन गेल्या. मग दोघंच उरले.

"तुला कमी मिळू नये म्हणून केलं गं मी."

"ठाऊक आहे मला." विद्युलताबाईंचा आवाज अजून बारीक होता, पण शब्द स्वच्छ होते. "कमी तुम्ही मला कधीच दिलं नाहीत. पण पुरे म्हणूही कधी दिलं नाहीत."

उमाकांतरावांना लाज वाटली. ते गप्प बसले. बोलले असते तर पुन्हा स्वतःचीच बाजू मांडली असती, एवढं त्यांना आता कळत होतं.