उलटी मात्रा, सरळ मात्रा

बाबा हायस्कुलात इंग्रजी शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी एक यादी केली: फ्रेंचमधून इंग्रजीत आलेले आणि डोक्यावरची चिन्हं सोबत आणलेले चाळीस शब्द. कॅफे, क्लिशे, फसाड, नाईव्ह. प्रत्येकापुढे मराठी अर्थ. चिन्हाशिवाय बहुतेक शब्दांचं काही बिघडत नाही, पण काहींचं बिघडतं, असं ते सांगत. 'लामे' म्हणजे जरीचं कापड. वरची रेघ गेली की तोच शब्द लंगडा होतो. 'रेझ्युमे'वरच्या रेघा गेल्या की 'पुन्हा सुरू करा' एवढंच उरतं. यादी त्यांनी टाइपरायटरवर टाइप केली. त्यावर ही चिन्हं नव्हती, म्हणून ती पेनानं लावलेली होती.

बाबांना जाऊन आता वर्ष होत आलं. आमच्याकडे स्मृतिदिनाला बुद्धविहारातल्या वाचनालयाला पुस्तकं देतात. या वेळी बाबांचीच यादी पुस्तिका म्हणून छापायची, पन्नास प्रती, असं मी ठरवलं. प्रस्तावनेत लिहिलं, 'यातलं प्रत्येक चिन्ह बाबांनी स्वतःच्या हातानं लावलं आहे.'

डीटीपीवाल्याकडून प्रूफ आलं, तर चिन्हांची अक्षरं गायब आणि त्यांच्या जागी छोटे चौकोन.

"काका, आमच्या फॉन्टमध्ये हे येऊन नाही राहिलं," तो म्हणाला. "त्याच्या बिनाही चालते. कोण पाहते?"

"ज्यांची पुस्तिका आहे ते पाहायचे," मी म्हणालो. तो दुसरा फॉन्ट शोधतो म्हणाला, पण स्मृतिदिनाला उरलेल्या तीन आठवड्यांत होईल याची खात्री त्याला देता येईना.

घरी येऊन मी बाबांचे मूळ कागद काढले आणि प्रूफावर चौकोन खोडून चिन्हं लावू लागलो. आई समोर मेथी निवडत होती.

"काय करून राहिला रे?"

मी सांगितलं. तिनं हात पुसले, कागद ओढून घेतला आणि थोडा वेळ पाहत राहिली.

"उलटी मात्रा लावली तू इथं. इथं सरळ पाहिजे," ती म्हणाली. "आपली मात्रा असते ना, तशी. बाकी सारी उलटी. नाईव्हवर जोड अनुस्वार. फसाडले खाली उकार."

आई मराठी सातवी शिकलेली. तिला इंग्रजी वाचता येत नाही.

"तुला कसं माहीत?"

"मीच लावल्या. त्यायचा हात हालत होता ना. ते सांगत, मी लावत होतो. एकदा म्हणे, अवं, टोपी म्हटली मी, अनुस्वार नाही. मी म्हटलं, तोंड तुमचं, हात माहा, मंग चूक कोणाची?"

बाबांच्या दवाखान्यासाठी धंतोलीच्या फेऱ्या चालू होत्या, त्या दोन वर्षांतली ही गोष्ट. मी त्याच घरात राहत होतो. संध्याकाळी सातला ऑफिसातून यायचो तेव्हा टेबल आवरलेलं असे. मी कधी विचारलं नव्हतं.

प्रस्तावनेतली ओळ मी तिला वाचून दाखवली.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यायचंच पुस्तक आहे."

"पण हे खोटं आहे."

ती मेथीकडे वळली. दोन जुड्या झाल्यावर म्हणाली, "त्या चौकोनाच्या जागी साधी अक्षरं छापाले सांग. वरचं मी लावतो."

"पन्नास प्रती आहेत, आई."

"मले काय काम आहे दिवसभर?"

साध्या अक्षरांच्या प्रती आठवड्याभरात आल्या. प्रस्तावनेतली ती ओळ मी काढून टाकली होती. तिथे छापलं होतं, 'चिन्हं आईनं लावली.' पहिली प्रत उघडून तिनं ते वाचलं. मग बारीक निबेच्या पेनानं आधी तेच वाक्य खोडलं आणि बाजूला मराठीत लिहिलं, 'त्यांनी सांगितली, मी लावली.'

स्मृतिदिनापर्यंत पन्नासही प्रतींत तिनं हेच केलं आणि सगळी चिन्हं लावली. विहारात गठ्ठा देताना वाचनालय सांभाळणारे गृहस्थ म्हणाले, "खोडलं का हो? छपाई चुकली का?"

"हो," आई म्हणाली, "पोराकडून चुकली."