परवाचं निदान

आमच्या आबांचा मेंदू बिघडला आहे, हे सर्वांत आधी एका संगणकाला कळलं. खुद्द आबांना ते अजून माहीत नाही.

आई गेल्यापासून आबा सकाळी दोन कप चहा करतात आणि दोन्ही स्वतःच पितात. हे मी बंगळूरच्या बहिणीला, नंदाला, फोनवर सहज बोलून गेलो. (सहज बोलणं मला कधीच जमलेलं नाही.)

"दादा, हे लक्षण आहे! तुमच्या हैदराबादेतच, तारनाक्याला तपासणी होते. रक्त घेतात, थोडे प्रश्न विचारतात. हजारो माणसांची रक्तं आणि उत्तरं वाचून शिकलेला संगणक असतो, तो पुढे स्मृती टिकेल का ते सांगतो. निकाल लाल आला तर आबा माझ्याकडे!"

"मी आहे ना इथे."

"तू? घराला आग लागली तरी तोंडातलं पान संपवून मग उठशील!"

आबा म्हणाले, "रक्त पाहिजे तेवढं घ्या. पण चिक्कडपल्लीचं घर सोडणं नक्को."

तपासणीला पुण्याहून नुकतीच आलेली मुलगी होती. मराठी माणसं पाहून तिला आनंद झाला. तिथेच घात झाला!

"आजोबा, निवृत्त कधी झालात?"

"परवा."

"लग्नाला शेवटचं कधी गेलात?"

"परवाच की!"

"आणि आजी कधी गेल्या?"

"परवा."

तिने सगळं इमानदारीने टिपलं. संगणकासमोर असा म्हातारा उभा राहिला, जो एकाच दिवशी निवृत्त झाला, विधुर झाला आणि वर लग्नातही जेवून आला! रक्त उत्तम होतं, उत्तरांनी मारलं. निकाल लालभडक.

नंदाने लगेच आबांचं तिकीट काढलं. आबा मुकाट्याने आईची शाल घडी करून पेटीत ठेवू लागले, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हैदराबादेत 'परसों' म्हणजे कालच्या मागचा कुठलाही दिवस. निजामाचं राज्यसुद्धा परसोंच गेलं! त्या संगतीत आमचा 'परवा'ही सैल झालेला.

पुन्हा तारनाका. मुलीला हे समजावलं. ती हसली आणि नव्याने विचारू लागली. या वेळी आबांनी तिथी, वार, लग्नातल्या पंगतीची भाजी, सगळं सांगितलं. आईचं विचारल्यावर म्हणाले, "गुरुवार. दशमी. दोन घोट चहा घेतला तिनं. उरलेला मी प्यालो."

"मग आजोबा, आधी परवा का म्हणालात?"

"तारीख सांगितली, की लांब जाते ती."

मुलीने हे उत्तर टिपलं नाही. मग ती माझ्याकडे वळली. "काका, घरच्यांचा दुजोरा लागतो. वार बरोबर?"

"बुधवार ना?" मी म्हणालो.

"गुरुवार!" आबा.

"आणि निवृत्ती?"

मी एक साल ठोकून दिलं.

"तेव्हा तू पाचवीत होतास!" आबा ओरडले.

"काका," मुलगी हळूच म्हणाली, "आज वार कुठला?"

मी भिंतीवर कॅलेंडर शोधू लागलो.

आबांचा निकाल हिरवा आला. मी ऐटीत नंदाला फोन लावला, पण तिला आबांशीच बोलायचं होतं. आबांनी तिला झाला प्रकार तपशीलवार सांगितला, माझ्या बुधवारासकट! मग बराच वेळ नुसतं "हौ, हौ" चाललं होतं.

"तिकीट रद्द," फोन ठेवून ते म्हणाले. "तुला एकट्याला ठेवणं बरं नाही, असं ठरलं आमचं."