अकरा अडकलेल्या फेऱ्या

शुक्रवारपासून आमच्या क्रांतीचं एका जागी बूड टेकत नव्हतं. कामोठ्यातला आमचा फ्लॅट तो केवढा! पण ती गॅलरीतून दारापर्यंत आणि दारापासून गॅलरीपर्यंत अशा येरझारा घालत होती की खालच्या वैजयंतीकाकूंनी वर येऊन विचारलं, "चक्की बसवली का रे, सौरभ?" धाकटी बहीण, पण मला तिचा धाकच वाटतो. लहानपणी एक उदाहरण चुकलं तर अख्खं पान फाडणारी पोर ती.

काम तिचं चुंबकांचं, तेही खऱ्या नव्हे, कॉम्प्युटरवर गणितानं मांडलेल्या. कागदासारखा एकच पातळ थर आणि त्यात अणूएवढे चुंबक, एकाचं तोंड वर तर शेजारच्याचं खाली. त्यांच्यातली ओढ हळूहळू बदलत नेली की ही रांग मोडते आणि ते दोघादोघांच्या जोड्या करून बसतात. जुना नियम म्हणतो, असा बदल उडी मारूनच व्हायला हवा. पाणी उकळताना थोडं पाणी, थोडी वाफ असते तसा. क्रांतीनं लिहिलं होतं की इथं उडी नाही, बदल सलग होतो. नवल म्हणतात ते एवढंच, पण त्यासाठी तिनं पाच वर्षं घातली होती.

लेख एका विज्ञानपत्रिकेनं स्वीकारला होता. शेवटचं वाचून सोमवारी परत पाठवायचा होता. त्याच लेखाच्या जोरावर जर्मनीत दोन वर्षांची नोकरी मिळणार होती. आमची आई, वेणूबाई, मूळची धाराशिवकडची. तिनं एप्रिलच्या उकाड्यात स्वेटर आणून ठेवला होता आणि सगळ्या सोसायटीला दाखवलाही होता.

रविवारी जेवताना क्रांतीनं भाताचा एकच घास तीनदा उचलला आणि तीनदा खाली ठेवला. मी वैतागलो.

"बोल ना एकदा! कसलं टेन्शन आहे?"

"दादा, एकच गणित मी चौसष्ट वेळा चालवलं. त्यातल्या अकरा फेऱ्या अडकल्या, जागच्या हलेचनात. गणित अजून स्थिरावलं नसेल असं समजून मी त्या काढून टाकल्या. सगळेच काढतात."

मी न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात कागदपत्रं बघतो. चुंबकांतलं मला काय कळतंय? पण जीभ गप्प बसेल तर शपथ.

"आमच्याकडे उलटं आहे. अडकलेला कंटेनर आधी उघडतात."

ती तशीच उष्ट्या हातानं उठली. डाव्या हातानं लॅपटॉपवर काहीतरी बडवत राहिली. अर्ध्या तासानं तिनं मला बोलावलं. आधी आलेखावर एक टेकाड होतं. अकरा फेऱ्या परत घातल्यावर दोन झाली होती.

"सहा रांगेतच अडकल्यात, पाच जोड्यांत. ओढ तीच, तरी दोन्ही टिकून आहेत." तिनं एकेका टेकाडावर बोट ठेवलं. "उडी असेल तर असंच होतं, दादा. नक्की मोठ्या थरावरच कळेल. पण सलग आहे असं मी छातीठोक लिहिलंय, ते आता कसं ठेवू?"

मला माझाच राग आला. कुणी सांगितलं होतं शहाणपण शिकवायला! मी म्हणालो, "जाऊ दे की छापून. कुणाला कळणार आहे?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली.

मग तिनं तिच्या सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग सरांचा प्रश्न मलाही ऐकू आला, "त्या अकरा फेऱ्या कुणी काढल्या?" पोरीला म्हणता आलं असतं की तुमच्याच ग्रुपची पद्धत आहे, सर.

"मी काढल्या," ती म्हणाली. "लेख मागे घेऊ या."

फोन ठेवून ती पुन्हा गॅलरीकडे चालायला लागली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"मंग, जर्मनीला जायाचं न्हाई का आता?"

"यंदा नाही, आई."

आईनं कपाटातून स्वेटर काढला, झटकला, परत घडी घातली.

"डांबराच्या गोळ्या हायत का रं घरात?" तिनं मला विचारलं. "कसर लागंल याला. पुढच्या साली तरी चांगला ऱ्हायला पायजे."