धुऱ्यावरून न गेलेली केबल

पिंपळगाव राजात लोक म्हणायचे, लाइट जाईल, नळ जाईल, पण तायड्याचं नेट जाणार नाही. हे कानावर आलं की अश्वजित तायडे वरवर "काही बी बोलता राजेहो" म्हणायचा आणि आतून चांगला फुगायचा. का नाही फुगणार? पुण्यात सात वर्षं सर्व्हरच्या थंडगार खोल्यांत काढली, चांगली नोकरी सोडली, बायको मंजुश्रीची नाराजी ओढवून घेतली आणि मलकापुरात परत आला, तो हेच एक करून दाखवायला. न थांबणारं नेटवर्क खेड्यातही उभं राहतं म्हणून.

त्याचं सगळं शास्त्र तो चहाच्या टपरीवरही सांगायचा. "तुटणार नाही असं जगात काहीच नसते. एक तुटलं की दुसरं उभं पाह्यजे, बस." त्यामुळे त्याच्या ऑफिसात सगळं जोडीनं. राउटर दोन, बॅटऱ्यांचे संच दोन, आणि पिंपळगाव राजाला जाणाऱ्या केबलच्या वाटाही दोन. एक नांदुऱ्यावरून, रस्त्याच्या कडेनं. दुसरी मोताळ्याच्या अंगानं, वावरांच्या बांधांवरून, म्हणजे आपल्याकडच्या धुऱ्यांवरून. एका वाटेवर जेसीबीचा पंजा पडला तर दुसरीवरून काम चालू, कोणाला कळायचंसुद्धा नाही.

आणि हे नुसतं कागदावर ठेवील तो अश्वजित कसला! दर सोमवारी सकाळी अकराला तो ऑफिसात उभा राहायचा आणि पहिल्या वाटेची तार चालू कामात स्वतःच्या हातानं उपटायचा. मग पिंपळगावच्या डॉक्टर सुचिताताईंना फोन. "ताई, चालू हाये का?" "चालू आहे हो, तायडे." मग तार पुन्हा जागेवर. चार वर्षांत एक सोमवार चुकला नाही. सख्ख्या मेहुण्याच्या हळदीतून हा पठ्ठ्या अंगाला हळद घेऊन ऑफिसात आला होता. मंजुश्री ते अजून काढते.

सुचिताताईंचा दवाखाना वीस खाटांचा. छातीत दुखतं म्हणून कोणी आलं की हृदयाचा आलेख निघायचा, तारेवरून खामगावच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचा, आणि दहा मिनिटांत कोणतं इंजेक्शन द्यायचं ते कळायचं. गावातला मोबाइलचा टॉवरही अश्वजितच्याच केबलवर टांगलेला. म्हणून सुरुवातीला ताईंनी दोनदा विचारलं होतं, बंद पडलं तर? तेव्हा अश्वजितनं छातीला हात लावून सांगितलं, "ताई, माह्या शब्दावर भरोसा ठेवा." त्या एका शब्दावर त्याचा सगळा धंदा होता, आणि खरं सांगायचं तर सगळा जीवही.

आता त्याच्या भागीदाराचं, गजेंद्रचं सांगायला हवं. खामगावला पॉलिटेक्निकच्या वसतिगृहात एका खोलीत तीन वर्षं, एकाच ताटात जेवलेले दोघं. गजेंद्र पाटलाघरचा, बापाचा टीव्ही-केबलचा धंदा, तालुक्यातला सरपंचन् सरपंच ओळखीचा. त्यामुळे भागीदारीत कामाची वाटणी आपोआप झाली. आखणी अश्वजितची, खोदकाम गजेंद्रचं. ग्रामपंचायतीचं पत्र, शेतकऱ्याची संमती, मजूर, चारी, सगळं गजेंद्र बघणार.

दुसऱ्या वाटेचं काम सुरू व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. अश्वजित नकाशा गुंडाळत म्हणाला, "उद्या मी बी येतो. धुरे पाहून घेतो एकदा."

गजेंद्रनं चहाचा कप खाली ठेवला. "तू नको येऊ बे."

"काऊन?"

"जाऊ दे ना."

"अबे सांग ना!"

"महादेवराव हाये तिकडं. अर्धी लाइन त्याच्याच वावरातून जाते. इंजिनेर कोण म्हणून इचारलं त्यानं, म्या तुह्य नाव सांगतलं." गजेंद्र खाली बघत होता. "म्हणे, तार टाका, पण माह्या धुऱ्यावर तायड्याचा पाय नाही पडला पाह्यजे. आता तुले कायले ते ऐकून घ्या लागते? मी हाओ ना. मी पाह्यतो."

अश्वजितला हे नवं नव्हतं. शाळेत ऐकलं होतं, पुण्यात घर भाड्यानं बघताना आडनाव विचारून दार लागलेलं पाहिलं होतं. जुनीच जखम, फक्त नवा माणूस. पण आपला दोस्त आपल्यापुढं उभा राहून तो वार अंगावर घेतोय, या विचारानं त्याचे डोळे भरून आले. त्यानं गजेंद्रसाठी अजून एक चहा सांगितला.

आणि शहाणा इथंच फसला! त्याचे वडील माणिकराव रेल्वेत कीमॅन होते. हातात हातोडा घेऊन रोज स्वतःच्या हद्दीतला रूळ पायी तपासायचे. पायाखालून गेल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. त्यांच्या पोरानं मात्र गजेंद्रनं आणून दिलेला मोजणीचा कागद बघून सही ठोकली, आणि मोताळ्याच्या त्या शिवारात चार वर्षांत पाऊल टाकलं नाही. दर सोमवारी तार उपटून तो एवढंच तपासत होता की पहिली गेली की दुसरी काम उचलते. दुसरी जाते कुठून, हे ऑफिसात बसून कसं कळणार?

मागच्या जानेवारीत, एका बुधवारी दुपारी साडेबाराला, ऑफिसातल्या पडद्यावर दोन्ही वाटा एकदम लाल झाल्या. अश्वजितला वाटलं, पडदाच बिघडला. केबलमधला काचेचा धागा कुठं तुटला ते मीटरमध्ये सांगणारं यंत्र त्यानं पहिल्या तारेला लावलं. सतरा किलोमीटर, तीनशे चाळीस मीटर. दुसरीला लावलं. सतरा किलोमीटर, पाचशे. दोन गावं, दोन रस्ते, आणि तुटलं जवळपास सारख्याच अंतरावर?

गाडी काढून तो नांदुऱ्याच्या अलीकडं पोचला. रस्ता रुंदीकरणाचं काम चालू होतं, जेसीबीवाला बाजूला बिडी ओढत बसला होता. खड्ड्यात एकच काळी केबल तुटून पडली होती. तिच्यातून केसाएवढे रंगीत काचेचे धागे बाहेर आले होते. निळा पहिल्या वाटेचा, नारिंगी दुसऱ्या वाटेचा. रंग त्यानंच ठरवले होते. दुसरी वाट ऑफिसातून वेगळ्या दारानं बाहेर पडत होती, एक गल्ली फिरून चौकात याच केबलमध्ये शिरत होती, आणि पुढं पिंपळगावपर्यंत दोन्ही एकाच नळीतून. दुसरी वाट नव्हतीच. कधीच नव्हती.

केबल जोडून संपेपर्यंत तीन तास गेले. तेवढ्या वेळात पिंपळगावच्या दवाखान्यात शालूबाई नावाच्या बाई छाती धरून आल्या होत्या. आलेख निघाला, पण जाणार कशावरून? मोबाइलला रेंज नाही, टॉवरही मेलेला. शेवटी ताईंनी त्यांना जीपमध्ये घालून खामगावला पाठवलं. बाई वाचल्या. पण दहा मिनिटांच्या जागी दोन तास गेले होते, हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. आता त्यांना चार पायऱ्या चढल्या की बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी अश्वजित दवाखान्यात गेला. ताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तुमच्या शब्दावर भरोसा ठेवला होता, तायडे. आता दुसरी वाट खरंच टाकली, हे मला कोण सांगणार? पुन्हा तुम्हीच ना?"

तिथून तो थेट गजेंद्रच्या दुकानात. गजेंद्रनं त्याला बघितलं आणि कामावरच्या माणसांना बाहेर पाठवलं.

"दुसरी केबल कुठी हाये?"

गजेंद्रनं थोडे आढेवेढे घेतले, मग कबूल झाला. त्या केबलची रिळं त्यानं स्वतःच्या टीव्हीच्या धंद्यात वापरली होती, मलकापुरातल्या खांबांवर. "चार वर्सं काही झालं का? नाही ना! दोन-चार महिन्यांत टाकणारच होतो."

"तूनं मले फसवलं, गज्या. त्या बाईले मारलं असतं तूनं."

"अबे, मी काय हौसेनं केलं?" गजेंद्र उसळला. "महादेवराव आडवा आला ना! सारा कागद तयार होता, ऐनवेळी म्हणे, तायड्याची तार बी नको माह्या वावरात. तुले हे कोण्या तोंडानं सांगू? तुह्या जिवाले लागलं असतं. म्हणून लपवलं."

अश्वजितचा राग तिथंच लुळा पडला. वाईट याचं की त्याला पुन्हा ते पटलं. घरी येऊन त्यानं मंजुश्रीला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता थांबली. "अहो, त्या महादेवरावाले तुमी कधी स्वतः भेटले का?"

"नाही."

"मग जा ना. चार वर्सं एका माणसाले शिव्या घालून राह्यले, त्याचं तोंड तं पाहून या. अन् आता ताईले खरी वाट दाखवायची तं त्याच्याच वावरातून जा लागते ना?"

अश्वजित गेला. अपमान ऐकायची तयारी करून, तोंड घट्ट मिटून गेला. महादेवराव ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. पंचाहत्तरीचे, डोळ्यांना जाड चष्मा. अश्वजितनं उभ्या उभ्याच पूर्ण नाव सांगितलं, आडनावावर जरा जोर देऊन. "मी अश्वजित माणिकराव तायडे."

"बसा ना मंग. उभे काऊन?" म्हाताऱ्यानं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि आत चहा सांगितला.

अश्वजित बसला नाही. "चार वर्सांपयले गजेंद्र आलता तुमच्याकडं. तारेसाठी."

"कोण गजेंद्र?"

"पाटील. मलकापूरचा, केबलवाला."

"माह्याकडं कोणी नाही आलं, भाऊ." महादेवरावांनी चष्मा वर केला. "वावरातून तार न्यायची होती का? न्या ना मंग. इचारलं असतं तं तवाच नाही म्हटलं असतं का? पेरणी व्हाच्या आंदी चारी खोदा म्हंजे झालं."

कोणी आलं नव्हतं. कोणी काही म्हटलं नव्हतं. केबल चोरली ती चोरली, पण ती झाकायला गजेंद्रनं नेमकं काय उचललं होतं? एका खोलीत, एका ताटात बसून ज्याला त्यानं आपली सगळी दुखणी सांगितली, त्यानं त्यातलं सगळ्यात खोल दुखणं निवडून काढलं होतं. तिथं हात लावला की हा पुढं विचारणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि त्यानं विचारलंच नव्हतं.

म्हातारा त्याच्याकडं बारीक नजरेनं बघत होता. "तुमाले कोठीतरी पाह्यलं हाये म्या. हाव, आठोलं. दोन सालापयले, मलकापूरच्या बजारात. कोणीतरी दाखोलं, हे आपल्या भागातले इंजिनेर. म्या नाव सांगून रामराम केला, तं तुमी तोंड फिरवून चालले गेले." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "माह्य काही चुकलं होतं का, भाऊ?"

अश्वजित खाली बसला, ओट्याच्या कडेला, चपला काढायचं भान नाही. "नाही काका. तुमचं काही चुकलं नाही," एवढंच त्याला जेमतेम बोलता आलं, आणि मग तो चाळीस वर्षांचा बाप्या परक्याच्या ओट्यावर ढसाढसा रडला. महादेवराव गोंधळून गेले, पाण्याचा गिलास पुढं करत राहिले.

चहा आला. चहा संपवून अश्वजितनं फोन काढला. गजेंद्रनं पहिल्याच रिंगला उचलला. "बोल बे, राग गेला का?"

"महादेवरावाच्या ओट्यावर बसेल हाओ," अश्वजित म्हणाला. "त्यायनं चहा पाजला."

मग रिकामा कप त्यानं ओट्यावर ठेवला.

"केबलचं मीनं तुले माफ केलं असतं, गज्या."

तो वाट बघत राहिला. निदान खोटं तरी बोलेल, अजून एक. पण गजेंद्रनं फोन ठेवून दिला होता.