पहिला फोटो तुळशीला

माझा स्वभाव तापट, वर कुरकुऱ्या. सत्तरी ओलांडल्यावर हे कबूल करायला काही जात नाही. पण वहिनीवर मी जन्मात एकदाच ओरडलो, आणि ते एकदाचं ओरडणं मला पुढं पन्नास वर्षं पुरलं.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. कशेळ्याच्या अलीकडं आमचं गाव, भाताची थोडी शेती. दादा मोहोपाड्याच्या कारखान्यात लागलेला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. वहिनी लग्न होऊन आली ती थेट माझी आई होऊनच. मला न्हाऊ घातलं तिनं, शाळेत ढकललं तिनं, आणि मॅट्रिकला गणितात गटांगळी खाल्ली तेव्हा दादाच्या हातून वाचवलं तेही तिनंच. चारचौघांत ती मला भावजी म्हणायची, एरवी नुसतं ‘रं’. आज मी जो काही आहे तो तिच्या हातचा आहे, हे आधी सांगून टाकतो.

दादाच्या बरोबरीचा एक कामगार गावी परत निघाला, तेव्हा त्याचा जुना डबा कॅमेरा दादाकडं आला आणि दादाकडून माझ्याकडं. एका रोळात बारा फोटो. रोळ मिळायचा कर्जतला, धुवायलाही कर्जतलाच न्यायचा. एकेक फोटो मी जपून काढायचो. आणि वहिनीचा नियम काय, तर पहिला फोटो तुळशीला! घरात नवा तांदूळ आला की पहिला देवाला, गाय व्याली की पहिला खरवस देवाला, मग फोटो काय आभाळातून पडलाय? मी कुरकुरायचो. ती म्हणायची, अकरा तुझेच हायत ना रं, मग एकानं काय तुझं पोट भरायचं राहतंय? मग मी अंगणात जायचो, कॅमेरा वृंदावनासमोर धरायचो आणि नीट न बघताच कळ दाबून मोकळा व्हायचो. तुळशीच्या त्या फोटोचे मी कधी कागदावर छापही काढून घेतले नाहीत.

बऱ्याच वर्षांच्या वाट पाहण्यानंतर वहिनीला मुलगी झाली. दीड वर्षाची झाली तेव्हा आईच्या मागं मागं फिरून सगळ्या कामांत लुडबुड करायची. दादानं सांगितलं, पोरीचे चांगले फोटो काढ. मी गणपतीत नवा रोळ घातला. पहिला तुळशीला दिला आणि मग पोरीमागं लागलो. झोपाळ्यावर, घंगाळात, दादाच्या खांद्यावर. दसरा आला तोवर अकरा झाले होते, एक दसऱ्यासाठी राखला होता.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. विळे, कोयते, नांगराचा फाळ, दादाची सायकल. त्या सकाळी मी शेतावर होतो. वहिनीनं ठरवलं, माझं हत्यारही पुजायचं. पुजायचं तर आधी आतून-बाहेरून पुसायला हवं. तिनं कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं. उजेड लागला की रोळ जळतो, म्हणून त्याला पाठीमागून काळा कागद असतो. तिला वाटलं, जुना कागद आत अडकलाय. तिनं तो हातभर ओढून काढला. कागदाच्या आत गुळगुळीत पट्टी दिसली तशी शंका आली म्हणून सगळं पुन्हा घट्ट गुंडाळून जागच्या जागी ठेवलं. मग कॅमेऱ्याचं कपाळ कुठलं, हे न कळून काचेच्या वर हळदकुंकू लावलं. मी आलो तेव्हा कौतुकानं सांगितलं, आतनंसुद्धा पुसलाय रं.

मी जे ओरडलो ते आजही माझ्याच कानांत आहे. “तुझ्या हातानं पोरीचे फोटो गेले!” कर्जतच्या फोटोवाल्यानं धुतलेली पट्टी उजेडात धरली आणि म्हणाला, कोळसा झालाय सगळा, पहिल्यात काहीतरी असेल तर असेल. मी म्हटलं, पहिला तुळशीचाच असतो, राहू द्या.

त्याच हिवाळ्यात गोवर आला आणि पोरगी गेली. तिचा एकही फोटो घरात नव्हता.

वहिनीनं मला कधी बोल लावला नाही. पण पुढच्या खंडेनवमीला हळदकुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, तुझ्या त्याला तूच लाव. दर वर्षी हेच. माझा शब्द तिच्या हाताला चिकटून राहिला होता. तो काढायचा कसा, मला कळत नव्हतं. माफी मागायला तोंड उघडावं तर पोरीचं नाव निघणार, म्हणून मी गप्प बसत गेलो. भित्रेपणा होता, दुसरं काही नाही.

आता दादा नाही. वहिनी पंच्याऐंशीच्या घरात, आमच्याकडंच असते. निवृत्तीनंतर मी फिल्म स्कॅन करायचं यंत्र घेतलं आणि बिस्किटांच्या डब्यांतल्या जुन्या निगेटिव्ह काढून बसलो. आमच्या रुंद पट्ट्यांसाठी त्यात चौकट नव्हती, म्हणून साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून केली. पट्टीवरची धूळ झटकायची, काचेवर ठेवायची, झाकण लावायचं, आणि हळूहळू पडद्यावर माणसं उमटायची. वहिनी शेजारी खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसायची आणि एकेकाला ओळखायची. एक दिवस तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली,

“सगळी परत आली रं. एक तीच नाय.”

मी त्या रात्री नीट जेवलो नाही. ती कोळसा झालेली पट्टी माझ्याकडं होती. खरं सांगतो, मी ती मायेनं नव्हती ठेवली, रागानं ठेवली होती, पुरावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. फोटोंची अकरा घरं एकाला एक लागून काळी. पण रोळ गुंडाळला जातो तेव्हा पहिला फोटो सगळ्यांत आत जातो. वहिनीनं ओढला होता तो बाहेरचा हातभर, आतल्या वेटोळ्यापर्यंत उजेड पुरता पोचला नव्हता. पहिलं घर काळपटच होतं, पण त्यात काहीतरी होतं. मी ते स्कॅन केलं, नुसतं धुकं आलं. पुन्हा केलं, उजेड वाढवून, कमी करून. सातव्या-आठव्या वेळेला वृंदावन दिसलं. आणि वृंदावनाच्या पायाशी, आईसारखी ओणवी होऊन, हातातल्या फुलपात्रानं तुळशीला पाणी घालणारी झबल्यातली पोर.

मी कळ दाबताना बघितलंच नव्हतं.

वहिनीला हाक मारली. तिनं चष्मा पुसला, पडद्याजवळ तोंड नेलं. चेहरा पुसट होता. बराच वेळ बघून ती मागं सरकली.

“ही ती नाय रं. ती डाव्या हातानं घालायची. देवाला डाव्या हातानं घालू नये म्हणून मी दर वेळी तिचा हात बदलायची.”

पडद्यावरच्या पोरीच्या उजव्या हातात फुलपात्र होतं. पण मग माझं लक्ष पोरीच्या मागं दिसणाऱ्या दाराकडं गेलं. आमच्या जुन्या घराचं दार वृंदावनाच्या उजवीकडं, इथं ते डावीकडं दिसत होतं. मेल्या, म्हटलं स्वतःला, पट्टी उलटी ठेवलीस! फिल्मची चकचकीत बाजू खाली हवी, मी वर ठेवली होती. पट्टी पालथी करून पुन्हा स्कॅन केली. दार उजवीकडं गेलं, फुलपात्र डाव्या हातात आलं.

पडद्यावरच्या त्या डाव्या हातावर वहिनीनं आपलं बोट ठेवलं आणि तिथंच ठेवून बसली.

मला रडू आलं, आणि इतक्या वर्षांचं तोंडातून निघालं. म्हटलं, “वहिनी, सगळे फोटो तुझ्या हातानं गेले नव्हते. हा तुझ्या नियमामुळंच राहिला. मी तेव्हा चुकीचं बोललो.”

ती म्हणाली, “माहीत हाय मला, तू तापट हायस.” एवढंच. मग पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, कागदावर निघतो का?

मी दोन प्रती काढल्या. पहिली तिच्या हातात द्यायला गेलो तर तिनं हात मागं घेतला.

“पहिली तुळशीला दाखवून आण. मग मला दे.”

मी उठलो, चपला घातल्या आणि प्रत घेऊन अंगणात गेलो. या खेपेला कुरकुरलो नाही.