उजव्या बाजूची जागा

रेघमामा कोऱ्या कागदावर पट्टीशिवाय सरळ रेघ ओढत. वरून खाली, एका दमात, श्वास रोखून. कागद बहुतेक जुन्या कॅलेंडरचा असे, पाठकोरा. ती रेघ कागदाचे अगदी बरोबर दोन भाग करी. आम्ही कुणी मोजून पाहिलं, तर सूतभरसुद्धा फरक निघत नसे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडून फारसं कुणाला आठवत नव्हतं.

कुठलाही निर्णय मामा त्या रेघेशिवाय घेत नसत. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. यात नवल नाही, असे पुष्कळ लोक करतात. मामांची रीत पुढे वेगळी होत असे. डावी बाजू ते स्वतः लिहीत आणि उजवी दुसऱ्याकडून लिहून घेत, त्या विषयातल्या जाणत्या माणसाकडून. "ज्याला वस्तू हवी झाली, त्याला तोटा दिसत नाही रे," ते म्हणत. "डावी बाजू आपल्या हावेची. उजवी दुसऱ्याच्या हाताची पाहिजे." दोन्ही बाजू भरल्या की तो कागद तीन दिवस तांदळाच्या डब्याखाली जाई. चौथ्या दिवशी काढून वाचायचा आणि मग हो किंवा नाही.

गल्लीतले लोक आपापली उजवी बाजू लिहून घ्यायला मामांकडे येत. मामा कोषागारात पस्तीस वर्षं कारकून होते. लोकांनी भरलेली चलनं तपासणं हे त्यांचं काम, त्यामुळे चूक शोधायची नजर पक्की होती. समोरच्या घरातल्या भीमरावांना पहिला रंगीत टीव्ही घ्यायचा होता. मामांनी उजवीकडे एकच ओळ लिहिली, 'अस्की गल्ली जेवायच्या वेळेस तुमच्या घरी बसेल.' अस्की म्हणजे सगळी, आमच्या तंजावरी मराठीत. भीमरावांनी टीव्ही घेतलाच, पण सोबत दोन चटयाही घेतल्या. "उजवी बाजू वाचून शहाणपण आलं," असं ते चटया उलगडताना सांगत.

माझीही उजवी बाजू त्यांनी एकदा लिहिली होती. मी सरकारी बँकेत होतो. स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, हातात एकरकमी पैसे मिळणार होते, आणि मी कागद घेऊन मामांकडे गेलो. माझी डावी बाजू खालपर्यंत भरली होती. मामांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर नेला आणि लिहिलं, 'रिकाम्या माणसाला कसलंही काम चालतं.' मला राग आला. मी तो कागद तांदळाच्या डब्याखाली ठेवलाच नाही.

वर्षभरात मी एका नव्या खाजगी बँकेची क्रेडिट कार्डं विकायला लागलो होतो. ते दिवसच तसे होते. तंजावुरात काचेच्या दारांची दुकानं निघत होती, मोबाइल येत होते, आणि ज्या गावात हातउसनं मागायलाही लोक लाजत त्या गावात मी गळ्यात टाय बांधून उधारीचं कार्ड वाटत हिंडत होतो. एका फॉर्मामागे ठरावीक पैसे, महिन्याला पंचवीस फॉर्म झाले तर वर बक्षीस. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की व्याजाचं कुणी विचारल्याखेरीज बोलू नये.

मामांना माझ्या कार्डात रस वाटला तो मामींमुळे. मामी मूळच्या तिरुवैयारूच्या, एका गाणं शिकवणाऱ्याची मुलगी. हृदय अशक्त झाल्यामुळे त्यांना आता बसची पायरी चढवत नव्हती. कावेरीच्या घाटावर बसून एकदा गाणं ऐकायचं आणि माहेरची गल्ली बघून यायचं, एवढंच त्या मागत. तंजावूरहून तिरुवैयारू जेमतेम बारा-तेरा किलोमीटर! पण टॅक्सी करून जायचं, दिवसभर ती थांबवून ठेवायची, हा खर्च मामांच्या पेन्शनमध्ये औषधांनंतर बसत नव्हता. आणि मुलीकडून, सरसूकडून पैसे घेणं त्यांना मान्य नव्हतं.

एका सकाळी त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. मामींनी डबऱ्यात, आमच्याकडच्या पसरट वाटीत, कॉफी आणून दिली. मामांपुढे कागद होता, रेघ ओढलेली, आणि डावी बाजू त्यांच्या बारीक देवनागरीत लिहिलेली. 'औषधांवर शंभराला पाच परत. पहिल्या वर्षी फी नाही. रोख बाळगायला नको. सहा महिन्यांत टॅक्सीचे पैसे.' शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती.

"दक्षिण वीदीच्या रस्त्यावरचं औषधाचं दुकान तुझं कार्ड घेतं म्हणे," मामा म्हणाले. "औषध तर घ्यायचंच. मग ते परत देणारे पाच का सोडायचे? तू बँकेतला. तुज अस्कं ठाऊक. उजवी बाजू तू लीह."

"अहो, तो विकतो कार्ड आणि त्यालाच तोटे विचारता?" मामी दारातून म्हणाल्या.

"विकणारालाच ठाऊक असतात," मामा म्हणाले. "आणि हा काय परका आहे?"

त्या महिन्यात माझे चोवीस फॉर्म झाले होते. हे आज लिहायला बसलो तरी तो आकडा मी चुकत नाही.

मी पेन घेतलं. खरं लिहायचं तर चार ओळी लिहायला हव्या होत्या. परतीचे पाच रुपये हातात मिळत नाहीत, बिलातच वळते होतात, ही एक. बिलावर दोन आकडे असतात, एकूण बाकी आणि किमान भरायची रक्कम. किमान तेवढंच भरलं तर उरलेल्यावर महिन्याला शेकडा जवळजवळ तीन व्याज लागतं, ही दुसरी, आणि सगळ्यात मोठी. या दोन्ही गाळून मी उरलेल्या दोनच लिहिल्या, 'दुसऱ्या वर्षापासून फी.' आणि त्याखाली, 'हरवल्यास लगेच फोन करावा.'

मामांनी कागद दूर धरून वाचला. "एवढंच? उजवी बाजू इतकी हलकी मी कधी बघितली नाही."

"नवी वस्तू आहे, मामा. तुमच्यासारख्या हिशोबी माणसाला कसला तोटा?"

ते हसले. कागद तीन दिवस डब्याखाली राहिला. चौथ्या दिवशी त्यांनी सही केली आणि माझे पंचवीस झाले.

पुढे जी चूक झाली ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. पस्तीस वर्षं मामांनी एकच नियम पाळला होता की मागणीच्या कागदावर जो आकडा असेल तोच भरायचा. रुपया जास्त भरला तर खातं बिघडतं, आणि तो परत मिळवायला सहा महिने जातात. बँकेच्या बिलावर 'भरायची किमान रक्कम' असा आकडा ठळक चौकटीत होता. मामांना ती मागणी वाटली. तेवढीच रक्कम ते तारखेच्या आधी नेऊन भरत आणि पावती टाचून ठेवत. उरलेले पैसे त्यांनी खर्च केले असते तरी एक वेळ समजलं असतं. ते दर महिन्याला उरलेली रक्कम मोजून एका पाकिटात घालत आणि वर लिहीत, 'बँकेचे. मागतील तेव्हा देणे.' पाकिटं कपाटात, एकावर एक. पैसे घरात आणि व्याज बाहेर, असं वर्षभर चाललं. मध्ये मामींना नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं, तेही बिल कार्डावर गेलं, आणि घरखर्च आवळून त्याचंही पाकीट भरलं गेलं.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात मामा बिल घेऊन माझ्याकडे आले होते. "माधवा, हा आकार कसला लावलाय? मज कळत नाही." मी स्कूटरला किक मारत होतो. एक नजर टाकली असती तर सगळं कळलं असतं. मला वाटतं, कळलंच होतं. "पुढच्या महिन्यात बघू, मामा," म्हणालो आणि निघालो. मामा पुन्हा विचारायला आले नाहीत. एकदा पुढच्या महिन्यात म्हटलं की त्या माणसाला पुन्हा त्रास द्यायचा नाही, अशी त्यांची रीत होती.

सहा महिने झाले, आठ झाले. मामी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमची टॅक्सी कागदावरच चालते. पेट्रोल लागत नाही." मामा त्यावर म्हणत, "परतीचे पैसे बँक साठवतेय. एकदम देईल." त्या हसत. त्यांचं हसू नंतर नंतर धाप लागून अर्ध्यावरच थांबे.

नर्सिंग होमच्या बिलानंतर कार्डाची मर्यादा ओलांडली गेली आणि वसुलीचा माणूस मोटरसायकलवरून गल्लीत आला. त्याने ओट्यासमोर उभं राहून तमिळमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय पेरियवर, वापरायला कळतं आणि भरायला कळत नाही?" पेरियवर म्हणजे वडीलधारे. तो शब्द इतका वाईट मी कधी ऐकला नव्हता. मी भीमरावांच्या खिडकीत उभा होतो. मामा आत गेले आणि सगळी पाकिटं घेऊन बाहेर आले. ओट्यावर ओळीने मांडली. "अस्कं इथे आहे," ते मराठीतच म्हणाले, मग तमिळमध्ये. "तुम्ही मागितलं नाही म्हणून दिलं नाही." त्या माणसाने मोजलं, आणि व्याजाचा आकडा सांगितला. पाकिटं पुरली नाहीत. मी खिडकीतून मागे सरकलो.

उरलेल्यासाठी मामांनी पोस्टातली ठेव मोडली. टॅक्सी त्यातून झाली असती, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. पण ती ठेव मामींच्या आजारपणासाठी राखलेली होती म्हणून मामांनी इतके दिवस हात लावला नव्हता. दोन महिन्यांनी मामी गेल्या. तिरुवैयारूला त्यांच्या अस्थी गेल्या, टॅक्सीने. भाडं सरसूने दिलं.

गल्लीने मामांना सोडलं नाही. "दुसऱ्याची उजवी बाजू लिहिणारा स्वतःची विसरला," असं न्हाव्याच्या दुकानात मी माझ्या कानांनी ऐकलं. मामांनी तो कागद बाहेर काढून दाखवला असता तर माझं अक्षर कुणीही ओळखलं असतं. त्यांनी काढला नाही. लोक हळूहळू त्यांच्याकडे यायचे थांबले. कुणी आलंच तर ते म्हणत, "पेन आटलंय रे." खिशाला दोन पेनं असत.

मला ते एकदाच बोलले. सरसू त्यांना तिरुचीला घेऊन चालली होती. सामान ऑटोत चढवताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "उजव्या बाजूला जागा पुष्कळ होती रे, माधवा." एवढंच. ऑटो वळेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दोन वर्षांनी मामा गेले. तेराव्यानंतर सरसू गल्लीतलं घर रिकामं करायला आली. तिला ट्रंकेत तो कागद सापडला. सरसू मराठी बोलते, पण आमच्या बहुतेक मुलांसारखी तिला देवनागरी वाचता येत नाही. तमिळ आणि इंग्रजी, बस. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. "काका, हे कार्डाचं आहे ना? अप्पांनी काय लिहून ठेवलंय, वाचून दाखवा."

डावी बाजू मी खरी वाचली. टॅक्सीच्या ओळीवर तिने तोंडाला पदर लावला. मग मी उजव्या बाजूला आलो. माझ्याच अक्षरातल्या दोन ओळी आणि खाली सगळा कोरा कागद. मी त्यावर बोट ठेवून वाचलं, "पूर्ण रक्कम न भरल्यास जबर व्याज. परतीचे पैसे हातात येत नाहीत." जे तेव्हा लिहायला हवं होतं, ते मला तोंडपाठ होतं.

"म्हणजे अप्पांना अस्कं ठाऊक होतं?"

"हो," मी म्हणालो.

तिने कागद माझ्या हातातून घेतला. मग कागदाची घडी घालत म्हणाली, "मग आईची टॅक्सी त्यांनीच घालवली."

त्याला वीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात सरसूच्या नातीच्या बारशाला मी तिरुचीला गेलो होतो. हॉलमध्ये मामींचा फोटो आहे, मोगऱ्याचा हार घातलेला. मामांचा नाही. मी विचारलं नाही. परत येताना बसमध्ये ठरवलं की हे लिहायचं.

लिहून झाल्यावर लक्षात आलं की मी हे मराठीत लिहिलं आहे, देवनागरीत, जे ज्या बाईने वाचायला हवं तिला वाचता येत नाही. माणूस इतक्या म्हातारपणीसुद्धा लपायला जागा शोधतो. येत्या मंगळवारी मी पुन्हा तिरुचीची बस धरणार आहे. तो जुना कागद तिच्याकडेच आहे. तो काढ म्हणून सांगेन. आधी तो वाचेन, मग हा. या वेळी कागदावर आहे तेवढंच वाचेन.